मर्ज म्हणजे जोडणे की बुडवणे?

पागोळी (सोमवार, रात्री १०:५०)

आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणीयादी यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात नाव, शेजारच्या रकान्यात आडनाव. मला दोन्ही एकाच रकान्यात हवी होती. वरच्या पट्टीत 'मर्ज' असं बटण दिसलं. मर्ज म्हणजे एकत्र करणे, एवढं इंग्रजी आपल्याला येतं असा माझा समज. सगळं निवडलं आणि ओळीओळीनं मर्ज केलं. काहीतरी सूचना आली, ती न वाचताच ओके केलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, म्हणून फाइल जतन करून लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी उघडते तर बेचाळीस घरांची आडनावं गायब! अख्खी इमारत नुसती सुनील, वंदना, प्रकाश. आमच्याकडे तीन प्रकाश आहेत आणि वर्गणी एकाच प्रकाशनं दिली आहे.

सूचना मग मुद्दाम पुन्हा काढून वाचली. मर्ज केल्यावर फक्त डावीकडच्या वरच्या रकान्यातला मजकूर राहील, बाकीचा जाईल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे चूक माझीच. पण मग याला मर्ज का म्हणायचं? शब्दकोशात पाहिलं तर 'एकत्र करणे, मिसळणे, विलीन होणे' असे तीन अर्थ एका ओळीत. मला तर या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. शेंगदाणे चिवड्यात मिसळले तरी वेचून काढता येतात, मीठ वरणात गेलं की गेलं.

तर जाणकारहो, या शब्दाचा मूळ अर्थ काय? जॉइन, युनाइट, कंबाइन यांच्यापेक्षा तो वेगळा कसा? आणि 'मर्ज विथ' म्हणायचं की 'मर्ज इंटू'?

कोडमोड्या

कंट्रोल झेड.

पागोळी

फाइल बंद केली होती हो. तो उपाय सगळ्यात आधी नवऱ्यानं सांगितला.

ताकभात

मर्ज म्हणजे आजार ना? मर्जी वेगळी, मर्ज वेगळा. तुमच्या यादीला मर्ज जडला. (पळतो आता.)

अमरकोशी

ताकभात, तो मर्ज अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आला, त्याचा इथे संबंध नाही. पण पागोळीताई, तुमची आडनावं गेली ती शब्दाच्या मूळ अर्थाला अगदी धरून गेली. ऐका.

इंग्रजी मर्ज हा लॅटिन 'मेर्गेरे'वरून आला. त्याचा अर्थ बुडवणे, बुचकळणे. जोडण्याचा त्यात मागमूस नाही. इंग्रजीत सतराव्या शतकात हा शब्द आला तेव्हाही अर्थ हाच होता, पाण्यात बुडणे. 'दुसऱ्या कशात तरी बुडून आपली ओळख गमावणे' हा अर्थ अठराव्या शतकात, तोही वकिलांच्या भाषेत रुजला. त्यानंतर कंपन्या, रस्ते, संगणक.

आता खरी गंमत. हे लॅटिन क्रियापद आपल्या घरातलंच आहे. संस्कृत 'मज्ज्' म्हणजे बुडणे. निमज्जन, मज्जन आणि मग्न हे सगळे त्याचेच. भाषाशास्त्रज्ञ दोन्हींचं मूळ 'मेझ्ग्' असं मांडतात. लॅटिनमध्ये त्या 'झ'चा 'र' झाला म्हणून 'मेर्ग्'. संस्कृतात तो 'झ' टिकला नाही. पुढच्या व्यंजनाशी जुळवून घेताना त्याचा 'ज्' झाला, म्हणून 'मज्ज्'. 'मग्न'मधला 'ग्' मात्र मुळातला, तसाच राहिलेला. तेव्हा कुणी कामात मग्न आहे म्हणाल तेव्हा तो माणूस मर्ज झालेलाच असतो.

आणखी एक. संस्कृतात 'मद्गु' नावाचा पाणपक्षी आहे, बुडी मारणारा. कोशांत पाणकावळा असा अर्थ देतात. लॅटिनमध्ये तशाच बुडी मारणाऱ्या पक्ष्याला 'मेर्गुस' म्हणत. धातू तोच, नाव ठेवायची रीतही तीच!

भिगवणचा_बगळा

मद्गुसाठी दंडवत. पक्षीनिरीक्षकांसाठी पुरवणी : मर्गँझर नावाचं बदक आहे. त्याच्या नावात 'मेर्गुस' अधिक 'आन्सेर' म्हणजे हंस, अशी जोडी आहे. शास्त्रीय नावातली प्रजाती आजही मेर्गुसच. बुडी मारून मासे पकडतं. पण ते बुडून वरही येतं, पागोळीताईंच्या आडनावांसारखं नाही.

ताकभात

मग मज्जा पण यातलीच का? मज्जाच मज्जा?

अमरकोशी

नाही. हाडातली मज्जा दुसऱ्या मुळाची. तिची नातेवाईक मंडळी म्हणजे इंग्रजी 'मॅरो' आणि फारसीतून मराठीत आलेला 'मगज'. तुम्ही करता ती मजा फारसीतून आलेली, तिचा या दोघांशीही संबंध नाही. आणि कुणी 'मार्जन' आणायच्या आत सांगते, ते मृज् धातूचं, पुसणे-घासणे या अर्थाचं.

जुना_कारकून

मी मार्जनच लिहायला आलो होतो. परत जातो.

चावडीवकील

अमरकोशी, 'वकिलांच्या भाषेत रुजला' हे अगदी खरं. आमच्याकडे आजही तो त्याच अर्थानं जिवंत आहे. सोपं उदाहरण देतो. तुम्ही एका वाड्यात भाडेपट्ट्यानं राहता. पुढे तोच अख्खा वाडा तुम्ही मालकाकडून विकत घेतलात. आता भाडेकरूही तुम्हीच आणि मालकही तुम्हीच. स्वतःच स्वतःला भाडं कसं देणार? म्हणून भाडेपट्टा मालकीत मर्ज होतो, म्हणजे संपतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ मध्ये भाडेपट्टा संपण्याच्या ज्या वाटा सांगितल्या आहेत, त्यातली ही एक. लक्षात घ्या, दोन हक्क जोडून तिसरा मोठा हक्क तयार होत नाही. लहान हक्क मोठ्यात बुडतो, आणि मोठा होता तसाच राहतो.

अपिलाचंही तसंच. वरच्या कोर्टानं अपील ऐकून निकाल दिला की खालच्या कोर्टाचा हुकूमनामा वरच्यात मर्ज होतो. वरच्यानं खालचाच निकाल कायम केला, तरी अंमलबजावणी वरच्याच्या हुकूमनाम्याची. पक्षकाराला हे समजावताना दरवेळी घाम फुटतो. "साहेब, निकाल तर तोच आहे ना?" तोच आहे, पण आता तो त्याचा नाही.

कोडमोड्या

सगळं वाचलं, भारी आहे, पण मला पटत नाही. शब्द कुठून आला यावर त्याचा आजचा अर्थ ठरत नसतो. आम्ही दिवसातून दहादा मर्ज म्हणतो आणि आमच्यात कोणीही बुडत नाही.

गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणारी प्रणाली) कोडच्या दोन शाखा मर्ज केल्या की दोघींचे बदल राहतात, दोघींचा इतिहास राहतो. त्या जोडाच्या नोंदीला दोन आईबाप असतात. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर गिट स्वतःहून कुणालाही बुडवत नाही. दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि म्हणतं, तुमचं तुम्ही ठरवा. मग आम्ही शुक्रवारी रात्री बसून ठरवतो.

त्याहून जुनं उदाहरण मर्ज सॉर्ट. फॉन नॉयमननं १९४५ मध्ये मांडलेली पद्धत. शाळेतल्या बाईंना विचारा. 'अ' आणि 'ब' तुकडीचे पेपर आधी आपापल्या गठ्ठ्यात क्रमांकानं लावायचे. मग दोन्ही गठ्ठ्यांचा वरचा पेपर बघायचा, लहान क्रमांकाचा उचलायचा, पुन्हा बघायचं. एकही पेपर गहाळ होत नाही. यात बुडणं कुठे आहे?

पागोळी

आता मी पुरती गोंधळले. म्हणजे संगणकातच दोन मर्ज आहेत? एक आडनावं खाणारा आणि एक न खाणारा?

कोडमोड्या

हो. स्प्रेडशीटमधल्या मर्जला मजकुराशी देणंघेणं नाही, तो चौकटी एक करतो. चौकट एक म्हटल्यावर मजकूरही एकच मावतो. तुम्हाला हवं होतं ते सूत्र वेगळं, मजकूर जोडायचं. त्याच्या नावात बहुधा 'जॉइन' किंवा 'कॉन्कॅट' असतं, मर्ज नसतं.

अमरकोशी

हे बघा, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात! मजकूर राखायचा तिथे 'जॉइन'. जॉइनचं मूळ लॅटिन 'युंगेरे', आणि तोच आपला युज् धातू, म्हणजे योग, संयोग, युग्म. बैलांच्या मानेवरचं जू, इंग्रजी योक, लॅटिन युगुम, सगळे भाऊभाऊ. जुवाखाली दोन बैल एकत्र येतात, पण ढवळ्या ढवळ्याच राहतो आणि पवळ्या पवळ्याच. जोत सोडलं की दोघे सुटे. मर्ज झालेलं असं सोडवता येत नाही.

कंबाइनमध्ये लॅटिन 'बिनी' आहे, दोन-दोन. कापणी आणि मळणी अशी दोन कामं करणारं ते कंबाइन हार्वेस्टर. युनाइटमध्ये 'ऊनुस', म्हणजे एक. मर्जमध्ये ना दोन ना एक. तिथे फक्त पाणी.

टर्नपाइक

न्यू जर्सीहून. इथे 'मर्ज' रोज डोळ्यांसमोर पाटीवर असतं. आईबाबा आले की बाबा ती पाटी मोठ्यानं वाचतात. त्यांना समजावताना माझ्या लक्षात आलं की रस्त्यावर मर्जचे दोन प्रकार आहेत. एक, तुम्ही बाजूच्या रस्त्यानं येऊन महामार्गात शिरता. तिथे 'मर्ज इंटू ट्रॅफिक'. महामार्ग आपल्या चालीनं चाललेला असतो, अंदाज घेऊन तुम्हालाच आत मिसळायचं असतं. दुसरा, दोन मार्गिकांची एक होते. तिथे 'द लेन्स मर्ज', दोघींची बरोबरी, एक गाडी इकडची आणि एक तिकडची. जर्मनीत या आळीपाळीच्या शिरण्याला कपड्याच्या झिपचं नाव आहे आणि ते तिथल्या वाहतूक नियमांतच लिहिलेलं आहे.

त्यामुळे ताईंच्या 'विथ की इंटू'ला माझं उत्तर : लहान मोठ्यात गेला तर इंटू, बरोबरीचे असतील (किंवा तसं दाखवायचं असेल) तर विथ.

ताकभात

पुण्यात या दोन्ही प्रकारांना मिळून एकच क्रियापद आहे, घुसणे.

खातेपुस्तक

टर्नपाइक यांच्या कंसातल्या वाक्यावर लिहिण्यासाठी खास लॉगिन केलं. मी बँकेतून निवृत्त. १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक बँक ऑफ बडोद्यात गेल्या. वर्षभरानं, १ एप्रिल २०२० ला, सिंडिकेट कॅनरात गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. युनायटेड हे नाव असलेली बँकच मर्ज झाली, याहून या धाग्याला समर्पक उदाहरण मिळायचं नाही!

सरकारी कागदावर शब्द असतो अमाल्गमेशन. हा मूळचा किमयागारांचा शब्द. पाऱ्यात सोनं किंवा चांदी विरघळवून जो मऊ गोळा होतो, ते अमाल्गम. दातांचे डॉक्टर चांदीचं म्हणून जे भरतात त्यात साधारण निम्मा पारा असतो. पण किमयागारानं तो गोळा तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. मुलामा देण्याची जुनी रीत तीच. म्हणजे अमाल्गमेशनमधून सोनं परत मिळतं. मर्जमधून?

बँकेतला फरक कुठे कळतो ते सांगतो. पत्रकात 'विथ' छापलेलं असतं. काउंटरवर मात्र म्हातारं माणूस जुनं पासबुक पुढे करून विचारतं, "आमची बँक बुडाली का हो?" आम्ही घाईघाईनं सांगायचो, नाही आजी, बुडाली नाही, विलीन झाली. आज अमरकोशींचा प्रतिसाद वाचून कळलं की आजी लॅटिन बोलत होत्या.

चावडीवकील

वा! कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३२ मध्ये तर दोन्ही प्रकार नावानिशी आहेत. एक कंपनी चालू असलेल्या दुसऱ्या कंपनीत गेली तर 'सामावून घेऊन' झालेलं मर्जर. सगळ्या मिळून नव्या कंपनीत गेल्या तर 'नवी कंपनी स्थापून' झालेलं. दुसऱ्या प्रकारात सगळ्यांनाच बुडावं लागतं.

माडाखाली

गोव्यातून लिहितो. तुम्हां लोकांना हा शब्द स्प्रेडशीटमध्ये भेटला, आम्हांला तो मतपेटीत भेटला.

१६ जानेवारी १९६७, जनमत कौल. प्रश्न असा की गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची खूण दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे, त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष निवडून आलेला, आणि तरीही कौल विरुद्ध गेला. १६ जानेवारी आम्ही अस्मिताय दिस म्हणून पाळतो.

आमच्या घरात दोन्ही मतं होती. आजोबा फूल, आजी दोन पानं, आणि त्या दिवशी जेवणावर कोणी बोललं नाही म्हणतात. आजोबांचं म्हणणं असं की मराठी आपलीच, देव तेच, नातीगोती पलीकडे, मग वेगळं कशाला? आजी शाळेत फार शिकलेली नव्हती. तिचं एकच म्हणणं : न्हंय दर्याक मेळटा, मागीर तिका न्हंय कोण म्हणटा? (नदी समुद्राला मिळते, मग तिला नदी कोण म्हणतो?)

त्यामुळे कोडमोड्या, मूळ अर्थावर आजचा अर्थ ठरत नाही हे कबूल. पण त्या दिवशी ज्यांनी मत दिलं त्यांना 'एकत्र येणे' आणि 'विलीन होणे' यांतला फरक नेमका कळला होता.

औंधकर

माडाखाली, तुमच्या आजीला नमस्कार.

संस्थानांच्या बाबतीतही तेच शब्द होते. १९४७ मध्ये बहुतेक संस्थानं भारतात सामील झाली, तो सामीलनामा, इंग्रजीत अ‍ॅक्सेशन. त्यात राजा राजाच राहिला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण तेवढं केंद्राकडे. विलीनीकरण नंतर झालं. मधल्या काळात आपल्या दक्षिणेतल्या आठ संस्थानांनी मिळून 'युनायटेड डेक्कन स्टेट' नावाचा संघ करून पाहिला होता, म्हणजे आधी युनाइट. तो काही टिकला नाही. ८ मार्च १९४८ ला सांगली, औंध, फलटण, भोर वगैरे मुंबई प्रांतात गेली. कोल्हापूर त्यानंतर वर्षभरानं, १ मार्च १९४९ ला. बडोदा १ मे १९४९ ला.

मराठवाड्याचा माणूस मात्र 'आम्ही विलीन झालो' म्हणणार नाही, 'आम्ही महाराष्ट्रात विनाशर्त सामील झालो' म्हणेल. विचारून बघा.

लातूरचा_नातू

विचारायची गरज नाही. विनाशर्त सामील झालो. 'विनाशर्त'वर जोर देऊन वाचावे.

लालडबा

मला सगळ्यांपेक्षा उलटं सांगायचं आहे. माझे वडील एसटीत वाहक होते. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. मागणी एका शब्दाची होती, विलीनीकरण. महामंडळ राज्य शासनात विलीन करा. आगाराच्या फाटकाबाहेर मंडप, आणि हा शब्द खडूनं, रंगानं, पुठ्ठ्यावर, सगळीकडे. तोपर्यंत वडिलांनी हा शब्द पेपरात वाचला असेल तेवढाच. त्या पाच-सहा महिन्यांत घरात दुसरा शब्द नव्हता.

तिथे कोणाला आपली ओळख राखायची नव्हती. महामंडळाचा कर्मचारी ही ओळख बुडावी, आणि शासनाचा कर्मचारी म्हणून वर यावं, एवढंच हवं होतं. तुम्ही म्हणता मोठ्यात बुडणं म्हणजे गमावणं. आमचे लोक बुडायला तयार होते, पण पाण्यानंच घेतलं नाही. शेवटी न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं, आणि वडील गेले.

अमरकोशी

लालडबा, यावर मला काही बोलता येत नाही. 'वर यावं' हे तुम्ही सहज लिहिलंत, पण त्यालाही शब्द आहे. मज्ज्ला 'उद्' लावला की उन्मज्जन, बुडालेलं वर येणं. लॅटिनमध्ये तेच 'ए-मेर्गेरे', इंग्रजी इमर्ज. इमर्जन्सी त्यातूनच, अचानक वर आलेली गोष्ट. आपण मात्र तिला आणीबाणी म्हणतो.

आणि 'विलीन'मध्ये पाणी नाही, पातळ होणं आहे. ली म्हणजे चिकटणे, 'वि' लागला की विरघळणे, वितळणे. पातळ केलेलं तूप ते विलीन घृत. म्हणून मर्जला विलीन हा प्रतिशब्द ज्यानं योजला त्याला दाद द्यायला हवी. लॅटिननं बुडवलं, आपण विरघळवलं, पण 'जोडलं' असं खोटं दोघांनीही सांगितलं नाही.

भिगवणचा_बगळा

इमर्जवरून. आमच्याकडे उजनीचं पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं. धरणानं बुडालेलं. कागदोपत्री त्या जमिनीला 'बुडीत क्षेत्र' म्हणतात, इंग्रजीत सबमर्ज्ड, पुन्हा तोच धातू. आणि आजूबाजूच्या विहिरींत सबमर्सिबल पंप. गावाला नकळत किती लॅटिन येतं बघा. उन्हाळ्यात म्हातारी माणसं येऊन उभी राहतात आणि चिखलात हात करून दाखवतात, इथे आमचं दार होतं.

जुना_कारकून

मार्जनाबद्दल मार खाल्ला, तरी एक आठवलं. शाळेत संधी शिकवताना गुरुजी पूर्वरूप सांगायचे. 'सो' अधिक 'अहम्' झालं की दुसरा 'अ' पहिल्या 'ओ'मध्ये बुडतो. पण लिहिताना आपण तिथे ऽ असं चिन्ह ठेवतो, अवग्रह, सोऽहम्. उच्चारात काही नाही. फक्त इथे कोणीतरी होतं, एवढं दाखवायला.

कोडमोड्या

हे आवडलं. मर्ज केल्यावर शाखेचं नाव पुसलं तरी इतिहासात जोडाची नोंद राहते, ती म्हणजे आमचा अवग्रह. बाकी माझं मत कायम आहे, पण आता थोडं मऊ झालंय. अमाल्गम म्हणा.

पागोळी

सगळ्यांचे आभार. एवढ्याशा प्रश्नाचं काय झालं! यादी दुरुस्त झाली. सूत्र कळलं, पण जोडायला आडनावं शिल्लक कुठे होती? मागच्या वर्षीच्या पावतीपुस्तकावरून बेचाळीस आडनावं हातानं टाइप केली. वर्गणी दिलेले प्रकाश दुसऱ्या मजल्यावरचे निघाले.

आता फलक रंगवायचाय. खाली इंग्रजीत लिहा असं अध्यक्षांचं फर्मान आहे, नवे भाडेकरू बाहेरचे आहेत म्हणून. मराठीत मी 'विसर्जन, सायंकाळी ५ वाजता' लिहिलं. विसर्जन म्हणजे निरोप देऊन पाठवणं ना, अमरकोशी? त्याखाली इंग्रजीत 'इमर्शन' लिहायला ब्रश उचलला आणि तसाच थांबले.

अमरकोशी

हो, सृज् धातू, सोडणे. पाण्याचा त्यात उल्लेखही नाही.

ताकभात

'गणपती गावाला चालले, ५ वाजता' असं इंग्रजीत लिहा की. बाहेरच्यांनाही कळेल.